दोनशे चौदावा थर

विज्ञानाची वाटचाल एकट्या माणसाच्या तपश्चर्येतून होते, असं संस्थेच्या दारातच काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत कोरलेलं होतं. पुढे कधीतरी त्या दगडासमोर पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवण्यात आलं आणि तेव्हापासून त्यातलं फक्त 'एकट्या माणसाच्या' एवढंच वाचता येई. थरकाका रोज सकाळी नऊ वाजता तेवढंच वाचत, बाटली भरून घेत आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीकडे चालू लागत.

थरकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. संस्थेत ते तंत्रज्ञ होते आणि एकतीस वर्षं थर देण्याचंच काम करत होते, म्हणून कुणीतरी ते नाव पाडलं आणि ते पगारपत्रक सोडून सगळीकडे चिकटलं. काम ऐकायला भारी होतं, बघायला काहीच नव्हतं. काचेच्या एका मोठ्या हंडीतली सगळी हवा पंपानं ओढून काढायची. आत कथलाचा कण तापवून त्याची वाफ करायची आणि ती नखाएवढ्या पांढऱ्या टिकलीवर बसू द्यायची. मग टिकली भट्टीत पाचशे अंशांवर चार तास भाजायची, म्हणजे कथलाचं ऑक्साइड होतं. वर पॅलेडियम नावाच्या धातूची नावापुरती भुरभुर. हा सगळा थर केसाच्या हजाराव्या भागाएवढा. सूक्ष्मदर्शकाखाली तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसे, नुसत्या डोळ्यांना टिकली धुवायची राहिल्यासारखी दिसे. अशी टिकली तापवून तिच्यातून वीज सोडली आणि जवळ एखादा वायू आणला की विजेची वाट मोकळी होते आणि पडद्यावरची रेघ वर उडी मारते. थोडक्यात, वास घेणारं नाक. नाकाचं सगळं नाही, फक्त आतलं कातडं.

या नाकाची खोड एकच होती. ते कशालाही उडी मारायचं. गळणारा हायड्रोजन पकडावा म्हणून संस्थेनं ते मागवलेलं, पण स्पिरिटचा बोळा आणला तरी रेघ वर, अमोनिया आणला तरी वर, आणि साफसफाईवाल्या बाई फिनेल घेऊन बाहेरून नुसत्या गेल्या तरी वर. प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला राखणदार म्हणत नाहीत. असे दोनशे तेरा थर थरकाकांनी दिले होते आणि दोनशे तेरा कुत्री सगळ्यांवर भुंकत होती.

दोनशे चौदावा थर भुंकला नाही.

स्पिरिट आणलं, रेघ जमिनीला झोपलेली. अमोनिया आणला, कूस बदलली नाही. स्वयंपाकाचा गॅस आणला, ढिम्म. थरकाकांना वाटलं तार तुटली. मग हायड्रोजनची नळी जराशी सैल केली आणि रेघ अशी उठली की पडदा संपला. त्यांनी पुन्हा केलं. तीनदा केलं. मग चष्मा काढला, पुसला, लावला आणि सांगायला कोण आहे ते बघायला मान वळवली. खोलीत दुसरी खुर्ची होती, तिच्यावर जुने पंखे ठेवलेले होते.

ही बातमी त्यांनी रविवारी फोनवर बायकोला सांगितली. बायको तीन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या देशात गेली होती, दोन महिन्यांकरता. ते बाळ आता तीन वर्षांचं होऊन पूर्ण वाक्यात उलट बोलत होतं.

"म्हणजे चांगलंच झालं की हो," बायको म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "जेवलात का?"

"हो."

"काय?"

"होतं काहीतरी."

"आजोबा," नातू पडद्यात घुसला, "तुमच्या घरात कोण आहे?"

"मी आहे."

"आणि?"

यावर थरकाकांनी खरंच विचार केला. तोवर नातू निघून गेला होता.

"रिटायर झालात की या ना इकडे," बायको म्हणाली. मग जरा थांबून, "पण तुम्हाला करमायचं नाही इथं. आणि जागाही तशी बेताचीच आहे."

रिटायर व्हायला अडीच महिने होते. थरकाकांना निवृत्तीची भीती नव्हती, घराची होती. नोकरीवर असेपर्यंत माणूस कामावरून घरी येतो. नंतर तो नुसता घरी असतो. त्यांच्या तीन खोल्यांत सकाळी ठेवलेली कपबशी संध्याकाळी त्याच जागी, त्याच कोनात सापडत असे, आणि कपबशी जागची हलत नाही हे रोज पाहणं ही काही बारकी गोष्ट नव्हे.

म्हणून त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला आणि विभागप्रमुख बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. या बाई वीस वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून त्यांच्याच हाताखाली आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी चिमट्यातून टिकली पाडली होती आणि ती अजून भट्टीखाली कुठेतरी होती. आता त्यांच्या टेबलावर तीन फोन होते.

"काका, बसा. दोनशे चौदा पाहिला मी. कमाल आहे."

"झाला खरा."

"पण समितीचं म्हणणं असं, की एक थर म्हणजे अपघात. लागोपाठ तीन निघाले तर पद्धत. तीन दाखवा, तर तुमची दोन वर्षं मी ओढून आणते. नाहीतर ती खोली सामानाला द्यायची म्हणतायत."

"कुठल्या सामानाला?"

"जुन्या पंख्यांना," बाई खाली बघत म्हणाल्या.

त्यातले निम्मे पंखे तसेही आधीच राहायला आले होते.

तीन थर म्हणजे काही डोंगर खणायचा नव्हता. थरकाकांची वही होती. एकतीस वर्षं ते प्रत्येक थराची कुंडली मांडत आले होते. हंडीतली पोकळी किती, कथील किती, भट्टी किती वाजता पेटवली, किती वाजता विझवली, हवा दमट की कोरडी, सगळं. वही उघडायची आणि तसंच्या तसं करायचं. त्यांनी तसंच्या तसं केलं. दोनशे पंधरा स्पिरिटला भुंकला. दोनशे सोळा अमोनियाला भुंकला. दोनशे एकोणीस तर थरकाका जवळ जाऊन 'अरे बाबा' म्हणाले त्यालाही भुंकला. त्यांनी कथील बदललं, पंपाचं तेल बदललं, टिकल्या तीनदा धुतल्या, स्वतः दाढीनंतरचं लोशन लावायचं बंद केलं. दोनशे एकोणतीसपर्यंत हाच तमाशा. पाच आठवडे गेले.

मग एका सकाळी ते वहीचं ते पान पुन्हा घेऊन बसले. सगळे आकडे पाठ झाले होते. म्हणून त्यांनी पहिल्यांदाच समासात बघितलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'खिडकीचं काम. काचवाला. चहा दोन.'

तो दिवस त्यांना स्वच्छ आठवला, कारण त्या आठवड्यात आठवण्यासारखा दुसरा नव्हता. आदल्या दिवशी वाऱ्यानं खिडकीचं दार आपटलं आणि काच गेली. सकाळी काचवाला आला. थरकाकांच्याच वयाचा, डोक्याला रुमाल, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच. थर भट्टीत होता, चार तास काही करायचं नव्हतं. काचवाला काम करता करता बोलत होता आणि थरकाका ऐकत होते. मग थरकाकाही बोलले. बोलल्यावर त्यांना आपला आवाज जरा घोगरा वाटला, कारण तो चार दिवसांनी निघत होता.

"हे काय करता साहेब इथं?"

"थर देतो. टिकलीवर कथलाचा थर."

"म्हणजे कल्हई!"

एकतीस वर्षांत बऱ्याच विद्वानांना थरकाकांनी आपलं काम समजावलं होतं. इतक्या चटकन कुणालाच कळलं नव्हतं.

"कल्हईच. पण याला वास येतो. म्हणजे हा वास घेतो."

"आमच्या घरी न्या त्याला," काचवाला म्हणाला. "चौदा माणसं आहोत, एक संडास. चार दिवसांत मरेल बिचारा." मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. "तुमच्याकडे काय शांत आहे हो! मी तर इथं पैसे देऊन झोपीन."

त्यानं थरकाकांच्या घरच्या खिडक्यांची चौकशी केली. घरी प्लास्टिक आहे, बायकोनं बसवून घेतलंय, फुटत नाही, असं थरकाकांनी सांगितल्यावर तो हातातलं काम थांबवून म्हणाला, "वहिनींनी आमच्या पोटावर पाय दिला की."

सगळं आठवलं, पण त्यात थराला कारणीभूत होईल असं काय होतं? थरकाका शास्त्रशुद्ध माणूस. त्यांनी विचार केला: त्या दिवशी थर भट्टीत असताना दोन तास खिडकीला काच नव्हती. भट्टीला हवा ओढून घेणारी नळी बरोबर खिडकीखालीच आहे. म्हणजे बाहेरची हवा. कारण सापडलं! खिडकीची दारं आता घट्ट बसून उघडत नव्हती. थरकाकांनी दरवाजा लोटून घेतला, टेबलावरचं शिशाचं पेपरवेट हातात घेतलं, वहीत 'प्रयोगाची पूर्वतयारी' असं लिहिलं आणि काच फोडली.

दोनशे तीस आणि दोनशे एकतीस बाहेरच्या हवेत भाजले. दोन्ही भुंकले.

आता प्रयोग हरला तरी काच बसवणं भाग होतं. कार्यालयातल्या दुरुस्तीच्या कारकुनानं विचारलं, "परत?" थरकाका म्हणाले, "वारा." कारकुनानं बाहेर पाहिलं. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

काचवाला आला, आणि त्यानं खिडकी पुन्हा मापली.

"तीच खिडकी आहे," थरकाका म्हणाले.

"असू द्या. मापल्याशिवाय मी स्वतःवर पण विश्वास ठेवत नाही."

या वाक्यानं थरकाका इतके खूश झाले, की त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे पंखे खाली ठेवले आणि खुर्ची पुसली. चहा आला. काचवाल्यानं धाकट्या भावाच्या लग्नातल्या भांडणाची हकीकत सांगितली. ती सतरा वर्षांपूर्वीची होती आणि भांडण अजून चालू होतं. खोलीत जरा आंबूस वास येत होता. पहिल्या वेळीही आला होता. पाहुण्याचा डबा आंबला असावा, असं थरकाकांना वाटलं. पण ते सभ्य माणूस. घरी आलेल्या माणसाला वासाबद्दल कसं विचारायचं? एकतीस वर्षं नाकं बनवणाऱ्या माणसानं स्वतःच्या नाकाकडे भिडेपोटी दुर्लक्ष केलं.

भट्टीत दोनशे बत्तीस होता. निव्वळ सवयीनं ठेवलेला. दुपारी तपासला तर स्पिरिटला झोपलेला, अमोनियाला झोपलेला, हायड्रोजनला ताडकन उभा.

थरकाका बराच वेळ उभेच राहिले. मग त्यांनी वहीत लिहिलं: 'काचवाला हजर असताना थर उत्तम होतो.' शास्त्रीय वाक्य म्हणून ते जरा लाजिरवाणं होतं, पण पुरावा पुरावा असतो. विडी तो ओढत नव्हता. डोक्याला तेल लावत असेल? त्याच्या बोलण्यानं? एका कारणाचा छडा लावायचा तर बाकी सगळं काढून तेवढंच ठेवावं लागतं. त्यांनी काचवाल्याला फोन केला.

"फुटली?" पलीकडून आवाज आला.

"नाही, नाही. नुसतं यायचं होतं. बसायला."

"कुणी?"

"तुम्ही. इथं. सकाळी चार तास. प्रयोग आहे."

पलीकडे काही वेळ फक्त चौदा माणसांचा गलका ऐकू आला. मग काचवाला म्हणाला, "साहेब, इंजेक्शन वगैरे देणार नाही ना?"

तो आला. दाढी करून, धुतलेला सदरा घालून. खुर्चीत असा ताठ बसला की फोटो काढायला आल्यासारखा. हातात काम नसल्यानं पहिला अर्धा तास त्याला बोलायलाच जमेना. थरकाकांनाही जमेना. दोघं भट्टीच्या दिव्याकडे बघत राहिले. शेवटी काचवाल्यानं विचारलं, "एकटेच असता?"

"इथं?"

"इथं पण आणि तसं पण."

"बायको मुलीकडे आहे. येईल."

"कधी गेल्या?"

"झाले दोन महिने," थरकाका म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिला चुकीचा आकडा होता.

काचवाला 'हं' म्हणाला आणि मग त्यानं आपण होऊन सांगितलं, की चौदा माणसांच्या घरात आपल्याला सकाळपासून कुणी नावानं हाक मारलेली नाही, पाण्याची मोटार लावायची असली की 'अहो, मोटार' एवढीच. थरकाकांनी चहा सांगितला. चहात दोघांनी साखर जास्त घातली. आंबूस वास अजिबात नव्हता.

दोनशे तेहतीस कडाडून भुंकला.

म्हणजे माणूस नव्हे. थरकाकांना याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचं आश्चर्यही. पण प्रयोग पुढे सरकला होता. नुसता काचवाला म्हणजे काही नाही, काम करणारा काचवाला म्हणजे काहीतरी. निवृत्ती तीन आठवड्यांवर आली होती. त्यांनी पेपरवेट उचललं.

या वेळी काचवाल्यानं बगलेतली काच भिंतीला टेकवली, खिडकीतून वाकून खाली पडलेले काचेचे तुकडे निरखले आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "साहेब, खरं सांगा. ही फुटते का तुम्ही फोडता?"

"का बरं?"

"वारा बाहेरून येतो. तुकडे बाहेर पडलेत."

थरकाकांचे कान लाल झाले.

"माझं काय जातं?" काचवाला म्हणाला. "मला तर बरंच आहे. पण बोलवायचं असेल तर बोलवा हो. खिडकीवर कशाला राग?"

थरकाका म्हणाले, "प्रयोग आहे." काचवाला म्हणाला, "असेल." आणि काम सुरू केलं. थरकाका आज नुसते बोलत नव्हते, बघत होते. मापणं. काच कापायच्या हिरकणीनं रेघ मारणं, तो दात शिवशिवणारा आवाज. टिचकी मारून तुकडा मोडणं. काच चौकटीत बसवणं. मग काचवाल्यानं पिशवीतून एक बंदूक काढली, तिच्यात एक नळकांडं बसवलं आणि काचेच्या चारही कडांना पांढरी लुकण घालून ओल्या बोटानं सारखी केली.

खोलीत आंबूस वास पसरला.

"हे काय आहे?"

"सिलिकॉन. पूर्वी पोटीन लावायचो, आता हेच. पहिल्यांदापासून हेच लावतोय की तुमच्याकडे."

थरकाका उठले आणि दरवाजापाशी गेले. दाराच्या आतल्या बाजूला कुठल्याशा वर्षाचं कॅलेंडर होतं. ते त्यांनी बाजूला केलं. खाली पिवळी पडलेली सूचना होती, लाल शाईत, त्यांच्याच अक्षरात, वीस वर्षांपूर्वीची: 'या खोलीत सिलिकॉन कोणत्याही स्वरूपात आणू नये. थरांना विष आहे.'

विषच होतं. त्या लुकणीची वाफ नळीतून भट्टीत जायची आणि तापलेल्या थरावर तिची एक काचेसारखी साय धरायची. त्यामुळे थर मरतात, हे या धंद्यातल्या कुणालाही झोपेत विचारलं तरी सांगेल. पण साय अगदी पातळ असली, दमानं धरलेली असली, तर तिच्या भोकांतून हायड्रोजनसारखा किडमिडा वायू तेवढा आत शिरतो, बाकी दांडगे सगळे बाहेर. थर मेलेला नव्हता, तो फक्त बहुतेकांशी बोलायचा बंद झाला होता. थरकाकांना त्याची अडचण समजण्यासारखी होती.

"मिळालं वाटतं?" काचवाला बोट पुसत म्हणाला.

"मिळालं."

"मग आता काच फुटणार नाही."

"नाही," थरकाका म्हणाले, आणि दोघंही खिडकीकडे बघू लागले. काम सुरेख झालं होतं.

दोनशे चौतीस अर्थातच उत्तम निघाला. दुसऱ्या दिवशी थरकाकांनी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनचं नळकांडं आणलं, वाटाण्याएवढी लुकण एका बशीत काढली आणि बशी नळीच्या तोंडाशी ठेवली. खिडकी शाबूत, खुर्ची रिकामी. दोनशे पस्तीस, छत्तीस, सदतीस. तिन्ही लागोपाठ. तिन्ही हायड्रोजनखेरीज कुणाला ओळखही दाखवेनात.

त्यांनी वहीत सगळं लिहिलं. लुकण वाटाण्याएवढी, बशी नळीपासून चार बोटांवर, चार तास. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं 'हाताचं कसब' म्हटलं असतं तर समितीनं मान डोलावली असती आणि कसब ज्या हातात आहे तो हात दोन वर्षं ठेवून घेतला असता. पण तोवर लिहून झालं होतं आणि वहीतलं पान फाडायची त्यांना सवय नव्हती.

समितीचे पाच जण आले. त्यांनी रेघ पाहिली, वही पाहिली, बशी पाहिली. सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी बशी उचलून वास घेतला आणि विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," थरकाका म्हणाले.

"म्हणजे कुणीही करू शकेल!"

हे कौतुकानं म्हटलेलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी विभागप्रमुख बाई स्वतः दुसऱ्या मजल्यावर आल्या. पुसलेल्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ भट्टीच्या खाली बघत होत्या, त्यांची टिकली दिसते का ते.

"काका, प्रकल्प मंजूर झाला. नव्या इमारतीत. यंत्रंही नवी येतायत."

"छान झालं."

"तुमचं मी मांडलं. खूप भांडले. ते म्हणतात, मुदतवाढ एखाद्याशिवाय काम अडत असेल तर. आणि तुम्ही तर..." त्या थांबल्या. "तुम्ही सगळं इतकं नीट लिहून ठेवलंत काका."

"सवय," थरकाका म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून त्यांना राहवलं नाही. "टिकली भट्टीच्या उजव्या पायाशी आहे. मला दिसते कधीकधी. काढली नाही मुद्दाम."

बाईंनी डोळे पुसले आणि तिसरा फोन वाजला म्हणून खाली गेल्या. तो तिथून ऐकू येत असे.

निरोपाच्या दिवशी थरकाकांनी शाल नको म्हटल्यावर त्यांना काय द्यावं हा प्रश्न पडला. शेवटी त्यांनीच मागितलं आणि शिशाचं पेपरवेट त्यांना समारंभपूर्वक देण्यात आलं. उरलेले पंखे दुसऱ्याच दिवशी खोलीत आले.

घरी पहिला सोमवार रविवारसारखाच गेला, फक्त फोन आला नाही. मंगळवारी कपबशी आपल्या जागी होती. बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास थरकाका बाहेरच्या खोलीच्या खिडकीसमोर उभे राहिले, पेपरवेट हातात घेऊन. वय झालेल्या माणसानं असं करू नये हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आधी दोन पावलं मागे जाऊन अंतर घेतलं आणि मग फेकलं. धप्प आवाज झाला. पेपरवेट परत आलं आणि सोफ्यावर पडलं.

त्यांनी काचवाल्याला फोन लावला.

"फुटली?" काचवाल्याचा आवाज खुलला.

"नाही. मी घरून बोलतोय. रिटायर झालो."

"अरे वा. मजा आहे मग! घरी काही काम निघालं का?"

थरकाकांनी खिडकीकडे बघितलं. 'चहाला या' हे दोन शब्द त्यांच्या तोंडात तयार होते. पण त्या शब्दांना मागेपुढे काहीच कारण जोडलेलं नव्हतं, आणि कारणाशिवाय त्यांनी आयुष्यात वहीत एक ओळ लिहिली नव्हती.

"खिडकी बघायची होती जरा," ते म्हणाले. "प्लास्टिकची."

"प्लास्टिक आपण करत नाही साहेब. त्याला वेगळा माणूस असतो. नंबर देऊ?"

मागे कुणीतरी 'अहो, मोटार' म्हणून ओरडलं. काचवाला थांबला होता, घाई असून थांबला होता. थरकाकाही थांबले होते. दोन सभ्य माणसं फोनच्या दोन टोकांना एकमेकांचं ऐकत उभी होती आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

"द्या," थरकाका म्हणाले.

त्यांनी नंबर वहीत लिहून घेतला, तारीख टाकून. मग प्लास्टिकवाल्याचं जुनं कार्ड असेल म्हणून बायकोनं कागद ठेवले होते तो खण उघडला. कार्ड नव्हतं, पावती होती. पावतीवर तारीख होती बायको दोन महिन्यांसाठी निघाली त्याच्या आदल्या आठवड्यातली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की प्लास्टिकला पंधरा वर्षांची हमी आहे.

त्यातली तीन झाली होती.